पहिला वाफा घालताना

स्वतःच्या हातांनी चार भाज्या पिकवाव्यात, ही इच्छा शहरात राहणाऱ्या आपल्या अनेक ख्रिस्ती कुटुंबांच्या मनात असते. कुणाच्या इमारतीमागे पाच-सहा फुटांची रिकामी पट्टी असते, कुणाची गच्ची मोकळी असते. आणि पुण्यातील काही धर्मग्रामांत तर चर्चच्या आवारातील एखादा कोपरा वर्षानुवर्षे गवत आणि राडारोडा यांच्या स्वाधीन झालेला दिसतो. उत्साहाने बियाणे आणले जाते, कुंड्या आणल्या जातात, आणि दोन-तीन महिन्यांत सारे ओसाड पडते. दोष बहुधा उत्साहाचा नसतो, क्रमाचा असतो. बी सर्वांत शेवटी यावयाचे असते. आपण ते सर्वांत आधी आणतो. पहिला वाफा कसा घालावा आणि धर्मग्रामाच्या जमिनीवर तो अनेक कुटुंबांना कसा घालता येईल, याचा विचार या लेखात आम्ही करणार आहोत.

ज्यांच्याजवळ स्वतःची जमीन नाही अशा शहरवासीयांना भाजीसाठी लहानसा तुकडा नेमून देण्याची पद्धत युरोपात जुनी आहे. इंग्लंडमध्ये १९०८ च्या कायद्याने मागणी असल्यास असे तुकडे उपलब्ध करून देणे हे स्थानिक संस्थांचे कर्तव्य ठरविले. तेथील पूर्ण आकाराचा एक तुकडा साधारण २५० चौरस मीटरचा, म्हणजे आपल्या अडीच गुंठ्यांचा असतो. जर्मनीत अशा बागांना डॉक्टर श्रेबर यांचे नाव आहे. गंमत अशी की, हे गृहस्थ १८६१ मध्ये वारले आणि त्यांच्या नावाचे मंडळ लाइपझिग शहरात १८६४ साली स्थापन झाले. मंडळाने केले ते मुलांसाठी क्रीडांगण. भाजीचे वाफे त्याच्या कडेला काही वर्षांनी आले. ज्याने एकही वाफा घातला नाही त्याचे नाव लक्षावधी वाफ्यांना लाभले.

आपल्याला अधिक जवळचे उदाहरण फिलिपाइन्सचे आहे. तेथील कागायान दे ओरो या शहरात येशूसंघीय धर्मगुरूंच्या झेवियर विद्यापीठाने २००३ पासून गरीब कुटुंबांसाठी सामुदायिक भाजीबागा उभ्या केल्या. हवामान आपल्यासारखेच उष्ण, वस्ती दाट, जमीन दुसऱ्याची. प्रत्येक कुटुंबाला वाफे वेगळे, कुंपण आणि खताचे ढीग मात्र सर्वांचे एकत्र. कुटुंबाने पिकविलेली भाजी प्रथम कुटुंबाच्या ताटात जावी, उरली तर शेजाऱ्याला द्यावी किंवा विकावी, हा त्यामागचा विचार होता.

पुण्यात अशी कायद्याने बांधलेली व्यवस्था नाही. आपल्याकडे आहे ती परसबाग. परंतु परसच उरले नाही तेथे बाग कोठून येणार? ज्या शहरात हिराबाग, सारसबाग, तुळशीबाग, बेलबाग अशी नावे आजही रोज उच्चारली जातात आणि ज्याची मुख्य मंडई फुलमाळ्याच्या घराण्यात जन्मलेल्या महात्मा जोतीराव फुले यांच्या नावाने ओळखली जाते, त्या शहरात मातीला हात न लावता संपूर्ण आयुष्य जाऊ शकते, हे आपण पाहतोच आहोत.

आपल्या समाजाच्या बाबतीत या विषयाला आणखी एक बाजू आहे. पुण्यातील मराठी भाषक कॅथोलिक कुटुंबांपैकी अनेकांची मुळे अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील खेड्यांत आहेत. तेथून रोजगारासाठी लोक पुण्यास येत राहिले. १९७२ च्या दुष्काळाने तर गावेच्या गावे हलविली. या कुटुंबांतील पुष्कळांच्या नावे सात-बाराचा उतारा कधीच नव्हता. त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या खुरपणी केली ती दुसऱ्याच्या शेतात, पाणी दिले ते दुसऱ्याच्या उसाला. आज त्याच घरांतील नातवंडे तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर राहतात. आणि घरातील आजी, जिला मातीचा एक मुठीएवढा गोळा दाबून जमीन पेरणीयोग्य झाली की नाही हे सांगता येते, ती दूरदर्शन संचासमोर बसून असते. हे ज्ञान आणखी दहा-पंधरा वर्षांत आपल्यातून निघून जाईल. पहिला वाफा घालणाऱ्या तरुण दांपत्याने पुस्तक उघडण्याआधी घरातील किंवा शेजारच्या अशा वडीलधाऱ्या स्त्रीला सोबत घ्यावे, असा आमचा आग्रह आहे.

पवित्र शास्त्रात भाजीच्या मळ्याचा उल्लेख एका विलक्षण ठिकाणी येतो. राजांच्या पहिल्या ग्रंथाच्या एकविसाव्या अध्यायात अहाब राजाला नाबोथाचा द्राक्षमळा हवा असतो, आणि तो कशासाठी, तर राजवाड्याला लागून असल्यामुळे तेथे भाजी लावण्यासाठी. वाडवडिलांचे वतन विकण्यास नाबोथ नकार देतो आणि त्याचा जीव घेतला जातो. कथा अन्यायाची आहे, हे खरेच. पण ती आपल्याला हेही सांगते की भाजीच्या तुकड्याचा प्रश्न हा नेहमीच जमिनीचा प्रश्न असतो. जमीन कोणाची, पिकविणार कोण आणि त्याला तेथून उठविण्याचा अधिकार कोणाला, हे आधी ठरवावे लागते. याकडे आम्ही पुढे पुन्हा वळणार आहोत. तूर्तास मातीकडे.

आकाराने सुरुवात करू. पहिल्या वर्षी दहा फूट बाय दहा फूट, म्हणजे शंभर चौरस फूट, याहून अधिक जागा घेऊ नये. दोन्ही बाजूंनी चार-चार फूट रुंदीचा एकेक वाफा आणि मध्ये दोन फुटांची पायवाट, अशी साधी मांडणी पुरे. चार फूट अशासाठी की दोन्ही अंगांनी बसून हात मध्यापर्यंत पोहोचावा आणि वाफ्यात पाय ठेवावा लागू नये. बाहेरच्या अंगालाही बसण्यापुरती वाट सोडावी. तुडविलेल्या मातीत हवा राहत नाही आणि हवेवाचून मुळे गुदमरतात. ज्यांनी पहिल्याच वर्षी अर्धा गुंठा अंगावर घेतला त्यांचा पावसाळा गवत उपटण्यातच जातो.

त्यानंतर ऊन. भाजीला रोज किमान पाच-सहा तास थेट ऊन हवे. येथे पुण्यात एक फसगत होते. मे महिन्यात आपण जागा पाहतो तेव्हा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो आणि सगळीकडे लख्ख ऊन दिसते. नाताळच्या सुमारास मात्र भर दुपारीही सूर्य दक्षिणेकडे कललेला, क्षितिजापासून सुमारे ४८ अंशांवर असतो. तेव्हा दहा मीटर उंचीच्या, म्हणजे तीन मजली इमारतीची सावली दुपारी बारा वाजतादेखील उत्तरेकडे नऊ मीटर पसरते. इमारतीच्या किंवा चर्चच्या उत्तरेकडील भिंतीलगत जागा असेल तर ती हिवाळी भाजीसाठी सोडून द्यावी. तेथे खताचा ढीग करावा. दक्षिणेकडील किंवा पूर्वेकडील पट्टी भाजीसाठी राखावी.

आता माती. पुण्याच्या परिसरात मूळची जमीन काळी, खाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण. परंतु शहरातील आवारात मूळची जमीन क्वचितच सापडते. वर असतो तो बांधकामाचा राडारोडा: विटांचे तुकडे, सिमेंट, चुना, जुन्या रंगाचे पापुद्रे. सिमेंट-चुन्यामुळे माती अल्कधर्मी होते आणि पाने पिवळी पडतात. जुन्या रंगात शिसे असू शकते. म्हणून कुदळीने फूटभर खणून पाहावे. राडारोडाच निघत असेल तर खणण्याचा हट्ट न धरता विटांच्या कडा रचून वर फूटभर उंचीचा गादीवाफा करावा आणि चांगली पोयट्याची माती व कुजलेले शेणखत साधारण दोनास एक या प्रमाणात भरावे. मूळ जमीन असेल तर ती खणून, उन्हात आठ-दहा दिवस तापू देऊन मगच खत मिसळावे. मातीचा नमुना तपासून घेतलेला उत्तम. जिल्ह्याच्या मृदा चाचणी प्रयोगशाळेत ही सोय असते.

मातीच्या संदर्भात आपल्या शेतकऱ्यांचा एक शब्द फार मोलाचा आहे: वाफसा. पाऊस किंवा पाणी झाल्यानंतर जमीन चिखल राहिलेली नाही आणि कोरडीही झालेली नाही, ओल आहे पण हवाही आहे, अशी जी अवस्था येते तिला वाफसा म्हणतात. मूठभर माती दाबली तर गोळा व्हावा आणि बोटाने टिचकी मारली तर तो फुटावा. गोळा फुटलाच नाही तर अजून थांबावे; गोळा झालाच नाही तर पाणी द्यावे. काळ्या मातीत वाफसा येण्यास मोठ्या पावसानंतर तीन-चार दिवसही लागतात. चिखलात खुरपे घालणाऱ्याच्या वाफ्यात नंतर विटेसारखी ढेकळे होतात आणि ती संपूर्ण हंगाम पुरतात. येथेच आजीचा सल्ला घ्यावा.

माती आणि पाणी आधी, पीक नंतर, हा धडा नगर जिल्ह्यात मोठ्या प्रमाणावर गिरविला गेला आहे. स्वित्झर्लंडमधून आलेले येशूसंघीय धर्मगुरू फादर हर्मन बाखर यांनी डोंगरउतारावरील माती आणि पावसाचे पाणी अडविण्याच्या कामाला आयुष्य वाहिले. १९८९ मध्ये सुरू झालेला इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम आणि १९९३ मध्ये स्थापन झालेली वॉटर ही संस्था त्यांच्याच प्रेरणेची फळे. २०२१ मध्ये ते ख्रिस्तवासी झाले. माथ्यापासून पायथ्यापर्यंत काम करावयाचे, हे त्या कामाचे सूत्र शंभर चौरस फुटांनाही लागू पडते: वाफ्याचा उतार कोणीकडे आहे आणि पावसाचे पाणी कोठून येऊन कोठे जाते, हे एका मुसळधार पावसात छत्री घेऊन उभे राहून पाहिल्याशिवाय बी टाकू नये.

खताविषयी थोडे सविस्तर बोलणे आवश्यक आहे, कारण येथे आमची एक तक्रारही आहे. लूककृत शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात मालक निष्फळ अंजिराचे झाड तोडण्यास सांगतो, तेव्हा माळी आणखी एक वर्षाची मुदत मागतो: आपण सभोवार खणू, खत घालू, मग पाहू. प्रभू येशूच्या मुखातून आलेल्या दाखल्यात खताचा उल्लेख आहे, हे आपण विसरतो. आणि आपल्याच चर्चच्या आवारात वाळलेला पाला झाडून, रचून, पेटवून देतो. पाला जाळल्याने धूर शेजाऱ्याच्या छातीत जातो आणि खत आकाशात जाते. ज्या आवारात पर्जन्यवृक्ष किंवा आंब्याचे एखादे जुने झाड आहे, तेथे विकतच्या खताची गरज तशी फारच थोडी.

कृती सोपी आहे. तीन फूट लांबी-रुंदीचा, हवा खेळती राहील असा विटांचा किंवा जाळीचा हौद करावा. त्यात स्वयंपाकघरातील ओल्या कचऱ्याचा एक भाग आणि वाळलेल्या पाल्याचे दोन-तीन भाग असे थर घालावेत. ओला कचरा कधीही उघडा ठेवू नये, पाल्याने झाकावा. वास येऊ लागला तर पाला कमी पडला असे समजावे. ढीग तसाच पडून राहिला, गरमच झाला नाही, तर ओल किंवा ओला कचरा कमी पडला असे समजावे. मांस, मासळी आणि तेलकट अन्न घालू नये. उंदीर आणि घुशी येतात. दर आठवड्या-पंधरवड्याने वर-खाली केले तर तीन-चार महिन्यांत काळसर, मातीच्या वासाचे खत मिळते. पुण्यातच डॉ. उदय भवाळकर यांनी गांडुळांवर केलेले काम सर्वश्रुत आहे, आणि कोल्हापूरचे प्रा. श्रीपाद अच्युत दाभोळकर यांनी ‘प्रयोग परिवारा’च्या माध्यमातून साध्या माणसांनाही आपल्या अंगणात प्रयोग करण्यास शिकविले. गृहनिर्माण संस्थांच्या पदाधिकाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावे की गांडूळखत, सौर ऊर्जा आणि पर्जन्यजल संधारण यांचे प्रकल्प चालविणाऱ्या मिळकतींना सामान्य करात ५ ते १० टक्के सवलत देण्याची पद्धत पुणे महानगरपालिकेने घालून दिली आहे. तिच्या सध्याच्या अटी क्षेत्रीय कार्यालयात विचारून घ्याव्यात.

ज्यांना गच्चीशिवाय जागा नाही त्यांना एकच गोष्ट आम्ही बजावून सांगू इच्छितो. ओल्या मातीचे वजन घनमीटरला १,६०० ते १,८०० किलो भरते. गच्चीवर फूटभर जाडीचा मातीचा थर म्हणजे प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे ५०० किलो. आणि सामान्य गच्ची ज्या वापराच्या भारासाठी आखलेली असते तो असतो चौरस मीटरला साधारण १५० किलो. म्हणून गच्चीवर माती पसरूच नये. पालापाचोळा, उसाची चिपाडे, नारळाचा भुसा आणि कंपोस्ट यांनी भरलेली हलकी वाफे-पेटी किंवा कुंड्या, त्याही तुळयांच्या आणि भिंतींच्या ओळीने, आणि पाणी साचू नये याची व्यवस्था करून ठेवाव्यात. इमारत जुनी असेल तर अभियंत्याचे मत घेतल्याशिवाय हेही करू नये.

आता कोठे बियाण्याची पाळी आली. प्रथम वाफा घालणाऱ्यांसाठी ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा उत्तम, कारण पाऊस ओसरलेला, गवताचा जोर कमी झालेला आणि पुढे थंडीचे चार महिने असतात. जून-जुलैमध्ये भेंडी, गवार, दोडका, कारले, काकडी चांगली येतात खरी, पण पहिल्याच वर्षी पावसाळ्यातील गवत आणि कीड यांच्याशी सामना करणे नवख्याला जड जाते. एप्रिल-मे तर सावलीची जाळी आणि भरपूर पाणी असल्याशिवाय टाळावेच.

चार फूट रुंदीच्या दोन वाफ्यांचे प्रत्येकी दोन, असे चार भाग पाडावेत. पहिल्या भागात मेथी आणि कोथिंबीर. घरातील डब्यातली मेथी चालते. धने मात्र हलकेच रगडून त्यांच्या दोन डाळी कराव्यात, कारण एका धन्यात दोन बिया असतात. एकदम सर्व न पेरता दर आठ-दहा दिवसांनी दोन-दोन ओळी पेराव्यात, म्हणजे एकाच आठवड्यात दहा जुड्या आणि पुढे काहीच नाही, असे होत नाही. मेथी महिन्याभरात, कोथिंबीर चाळीस-पंचेचाळीस दिवसांत काढणीस येते. दुसऱ्या भागात पालक आणि मुळा. पालक मुळासकट उपटू नये, बाहेरची पाने खुडावीत; तीन-चार वेळा मिळतो. मुळ्याची दाट उगवण झाली तर विरळणी निर्दयपणे करावी. उपटलेली कोवळी रोपे भाजीत घालता येतात. तिसऱ्या भागात टोमॅटोची सहा रोपे, दीड-दोन फूट अंतराने, प्रत्येकास काठीचा आधार. चौथ्या भागात वांगी आणि दोन-तीन मिरच्या. वांग्यांत पुण्याजवळच्या मांजरी गावाचे नाव घेतलेला ‘मांजरी गोटा’ हा वाण लावून पाहावा: गोल, जांभळा, पांढऱ्या रेघांचा आणि काटेरी. भरल्या वांग्याला त्याची सर दुसऱ्यास नाही, निदान आमचे तरी हे ठाम मत आहे.

बी त्याच्या जाडीच्या दोन-तीन पट खोलीवर पडावे. त्याहून खोल गेले तर बारीक बियांना वर येण्याचे बळ राहत नाही. टोमॅटो, वांगी, मिरची यांची रोपे पहिल्या वर्षी रोपवाटिकेतून आणली तरी काही बिघडत नाही. लावणी संध्याकाळी करावी. पुढच्या वर्षी भाग बदलावेत: जेथे टोमॅटो-वांगी होती तेथे पालेभाजी, म्हणजे एकाच कुळातील पिकांचे रोग मातीत घर करीत नाहीत.

पाण्याचा हिशेब पुष्कळांना ठाऊक नसतो. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. शंभर चौरस फूट म्हणजे सव्वानऊ चौरस मीटर. हिवाळ्यात दिवसाला सुमारे ४ मिलिमीटर धरले तर ३७ लिटर, म्हणजे अडीच बादल्या. उन्हाळ्यात ७ मिलिमीटर धरले तर ६५ लिटर, चार बादल्यांहून थोडे अधिक. रोज शिंपडण्यापेक्षा एक-दोन दिवसांआड मुळाशी भरपूर द्यावे आणि माती पाल्याने झाकावी. आच्छादनाने पाण्याची गरज स्पष्ट कमी होते. तांदूळ-डाळी धुतलेले पाणी अवश्य वापरावे, साबणाचे नको. नदी-नाल्याचे पाणी तर पालेभाजीला मुळीच घालू नये. मुळा-मुठेची आजची अवस्था सर्वांसमोर आहे. पुण्यात वर्षाला सात-साडेसातशे मिलिमीटर पाऊस पडतो. हजार चौरस फुटांच्या छपरावरून त्यातील ऐंशी टक्के धरले तरी पन्नास हजार लिटरांहून अधिक पाणी गटारात जाते. ते सर्व साठविणे शक्य नसते, पण एखादी टाकी भरून ठेवणे किंवा ते विहिरीत सोडणे आवाक्याबाहेरचे नाही. वचनदत्त देशाचे वर्णन करताना अनुवादाच्या अकराव्या अध्यायात म्हटले आहे की तो मिसर देशासारखा पायाने पाणी द्यावयाच्या भाजीच्या मळ्यासारखा नाही, तो आकाशाच्या पावसावर जगणारा आहे. आपले पुणे या दोहोंच्या मध्ये कोठेतरी येते: चार महिने वचनदत्त देश, आठ महिने मिसर.

किडीचे फार भय बाळगू नये. सकाळी पाच मिनिटे पानांची खालची बाजू पाहण्याची सवय हीच खरी फवारणी. मावा दिसला तर पाण्याच्या जोरदार धारेने धुवावा. पुन्हा आला तर पाच टक्के निंबोळी अर्क: सुकलेल्या निंबोळ्यांची ५० ग्रॅम भरड एका लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून, किंचित साबण मिसळून संध्याकाळी फवारावा. भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडल्या तर ते झाड उपटून टाकावे. हा विषाणू पांढरी माशी पसरविते आणि त्यावर औषध नाही.

यानंतर आम्ही नाबोथाकडे परत येतो. चर्चच्या आवारात वाफे द्यावयाचे झाल्यास मातीपेक्षा माणसांची मशागत अवघड ठरते. आवाराची जमीन धर्मप्रांताच्या विश्वस्त संस्थेची असते. कॅनन कायद्याच्या १२८४ व्या नियमाप्रमाणे ती दक्ष गृहस्थाच्या काळजीने सांभाळणे हे व्यवस्थापकाचे कर्तव्य आहे. महाराष्ट्रातील १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या ३६ व्या कलमान्वये शेतजमीन दहा वर्षांहून आणि बिगरशेती जमीन तीन वर्षांहून अधिक काळ भाडेपट्ट्याने द्यावयाची तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वसंमती लागते. वाफा हा भाडेपट्टा नव्हे, ती केवळ एका वर्षाची परवानगी असावी आणि तसे एका पानावर, साध्या मराठीत लिहून दोघांनी सही करावी. “आपल्यातच आहे, लिहायचे कशाला?” असे म्हणण्याचा मोह होतो. जे आपल्यातले असते तेच लिहून ठेवावे. परक्याशी भांडण कोर्टात मिटते, आपल्याशी झालेले मात्र रविवारच्या मिस्सेला शांतीची खूण देताना आडवे येते.

त्या पानावर काय असावे? वर्षाची मुदत, पाण्याची वेळ, रासायनिक विषारी औषधांना मनाई, दोन महिने वाफा पडीक राहिल्यास तो पुढच्या कुटुंबाकडे जाईल ही अट. आणि उलट बाजूने, उभे पीक असताना धर्मग्रामाने कोणालाही उठविणार नाही, ही हमी. ही दुसरी अट लिहिली नाही तर पहिली लिहिण्याचा अधिकार आपल्याला नाही, असे आम्हास वाटते. कुदळी, खुरपी, झारी आणि खताचा हौद सामाईक असावा. मागणी जास्त असेल तर चिठ्ठ्या टाकाव्यात, परंतु त्याआधी एका खोलीत राहणारी कुटुंबे, विधवा भगिनी आणि ज्यांच्या घराण्यात कधीच जमीन नव्हती असे लोक यांच्यासाठी निम्मे वाफे राखून ठेवावेत. अन्यथा सर्व वाफे चर्चच्या दारात मोटारीने येणाऱ्यांकडे जातात. त्यात त्यांचा दोष नसतो, ते सूचनाफलक आधी वाचतात इतकेच.

आणि भाजी कोणाची? पिकविणाऱ्याची. तिचा ठरावीक वाटा चर्चला द्यावा असा नियम करू नये. अर्पणविधीच्या वेळी कोणी स्वेच्छेने पालकाची जुडी वेदीपाशी आणली तर तिचे स्वागत करावे, ती गरजू घरी पोहोचवावी. पण मागू नये. वाटा मागितला की कसणारा पुन्हा दुसऱ्याच्याच शेतात राबू लागतो.

या कामाला आपल्या परंपरेत संतांची सोबत आहे. माद्रिदचे संत इजिदोर आयुष्यभर दुसऱ्याच्या शेतावर मजुरी करीत राहिले. १२ मार्च १६२२ रोजी संत इग्नासियस लोयोला आणि संत फ्रान्सिस झेवियर यांच्यासमवेत त्याच सोहळ्यात त्यांना संतपद जाहीर झाले; संघस्थापक, धर्मप्रसारक आणि शेतमजूर एका ओळीत. त्यांचा सण १५ मे रोजी येतो. पावसापूर्वी बियाण्यांच्या आशीर्वादासाठी याहून योग्य दिवस नाही. आपल्या मातीत अरणचे संत सावता माळी भाजीच्या मळ्यातच आपल्या देवाला पाहत होते, हे महाराष्ट्रात कोणाला सांगावे लागत नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये ‘लाउदातो सी’ या परिपत्रकाद्वारे सृष्टीची काळजी हा श्रद्धेचाच भाग असल्याचे शिकविले. त्यानुसार कास्तेल गांदोल्फो येथील पोपच्या जुन्या बागा आणि शेतात उभ्या राहिलेल्या केंद्राचे उद्घाटन पोप लिओ चौदावे यांनी सप्टेंबर २०२५ मध्ये केले.

ज्यांना येत्या हंगामात आरंभ करावयाचा आहे त्यांनी सप्टेंबरमध्ये जागेची सावली आणि पाण्याचा उतार पाहून ठेवावा, ऑगस्टअखेरपर्यंत खताचा हौद भरावयास घ्यावा आणि पहिल्या वर्षापुरते कुजलेले शेणखत विकत आणावे. सृष्टीचा काळ ४ ऑक्टोबरला, असिसीकर संत फ्रान्सिस यांच्या सणाने संपतो. त्या आठवड्यात वाफसा पाहून खणणी करावी. पंधरा तारखेच्या आत मेथी पडली तर ती नोव्हेंबरच्या मध्यावर, आगमनकाळ सुरू होण्यापूर्वीच, ताटात येते. नाताळपर्यंत पालक, मुळा आणि कोथिंबीर मिळतात. टोमॅटो आणि मांजरीची वांगी यांना जानेवारी उजाडतो. पहिल्या मेथीतील एक ओळ न काढता तशीच ठेवावी. ती फुलावर येईल, मार्चमध्ये तिच्या शेंगा वाळतील, आणि पुढच्या ऑक्टोबरचे बी घरचेच असेल.